मॉलीचा उरलेला अर्धा

कॅनबेरा
६ ऑगस्ट २००१

नेरी,

पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोन का नाही केला म्हणशील, तर केला होता. दुकानातल्या तुझ्या पोस्टाचा फोन पंधरा वेळा वाजला, मग म्हाताऱ्या कॉलिनने उचलला, "पोस्ट बंद आहे" म्हणाला आणि ठेवून दिला. ईमेल घे म्हटलं तर तुझं ठरलेलं उत्तर: टपालाच्या गल्ल्यावर बसून मी असली बेइमानी करू का? म्हणून कागदावर लिहितेय.

सरळ मुद्द्यावर येते. मला बाबांची मॉली हवी आहे.

तीच, कपाटातल्या बिस्किटांच्या डब्यातली. तळहाताएवढी, चांदीसारखी, हात लावला की बोटं पेन्सिलीसारखी काळी करणारी. आपण तिला मॉली म्हणायचो, इथे मॉलिब्डेनाइट म्हणतात. मॉलिब्डेनम धातू आणि गंधक यांचं खनिज आहे आणि आत कागदाच्या चवडीसारखे पापुद्रे असतात. या पापुद्र्यांत रेनियम नावाचा धातू अगदी थोडा अडकलेला असतो आणि त्याचा फार सावकाश ऑस्मियम होत जातो. किती रेनियम उरला नि किती ऑस्मियम झाला हे मोजलं की खनिज कधी जन्मलं ते कळतं. आमच्या प्रयोगशाळेत हे यंत्र आता बसलं आहे, आणि आपल्या केटल पॉकेटच्या डोंगरातलं खनिज किती जुनं हे आजवर कुणीच मोजलेलं नाही.

एकच अट आहे, ती नीट वाच. स्फटिक अख्खा हवा. रेनियम जागचा हलत नाही, पण ऑस्मियमला तिथे करमत नाही. तो पापुद्र्यांमधून सरकत भलत्याच कोपऱ्यात जाऊन बसतो. एखादाच तुकडा मोजला तर वय चुकतं, कधी फार जास्त, कधी फार कमी. मॉली जेवढी मोठी तेवढी चूक मोठी. म्हणून सबंध मॉलीचा भुगा करायचा, तो एकजीव ढवळायचा आणि मग त्यातली चिमूट मोजायची.

हो, भुगा. मॉली परत मिळणार नाही. पण माझी इथली नोकरी तीन वर्षांच्या करारावर आहे, दोन झाली, आणि पुढच्या जुलैत ॲडलेडच्या भूशास्त्र सभेत मांडायला माझ्याकडे काहीही नाही. बाबा असते तर त्यांनी दिली असती.

लिनेट

केटल पॉकेट, उत्तर क्वीन्सलंड
१९ ऑगस्ट २००१

लिनेट,

"बाबा असते तर त्यांनी दिली असती." वा गं वा! बाबा होते तेव्हा दोन वर्षं खोकत होते, तेव्हा तू किती वेळा आलीस? दोनदा. त्यातली एक खेप दफनाची.

मॉली कुणाला सापडली ते तुला आठवतं का? तू चार वर्षांची होतीस, कॉलिनच्या बायकोच्या मांडीवर बसून आंबा चोखत होतीस. मी अकरा वर्षांची. बाबांबरोबर कथिलाच्या खड्ड्यात उतरून कंदील धरला होता मी. "बाबा, तिथे काहीतरी चमकतंय," हे मी म्हणाले. आणि वर आणून सगळ्यांना दाखवताना ते काय म्हणाले? "ही आमच्या लिनेटच्या चेहऱ्यासारखी लखलखीत आहे." मी तिथेच उभी होते, तोंडाला माती लागलेली. तीस वर्षं झाली या गोष्टीला. हो, मी मोजते.

शिष्यवृत्ती तुला मिळाली, शहर तुला मिळालं, डॉक्टरेट तुला मिळाली. मला बाबांनी जाता जाता मॉली दिली, माझ्या हातात दिली, आणि आता तुला तीही हवी. म्हणजे मी कंदील धरायचा आणि तू आयत्या बिळावर नागोबा!

तुझं ते शास्त्र मात्र मला लगेच समजलं. एक जागचा हलत नाही नि दुसऱ्याला तिथे करमत नाही. आपल्या घरातलंच झालं की.

मॉली मिळायची नाही.

नेरिडा

ता. क. तुझे हिवाळ्याचे मोजे विणून झालेत. वेगळे पाठवते. हे मॉलीसाठी नाही, तिकडे थंडी आहे म्हणून.

केटल पॉकेट
३ सप्टेंबर २००१

लिनेट,

जास्त खूश होऊ नकोस. सोबतच्या नोंदणी केलेल्या पार्सलात मॉली आहे. अख्खी.

का, ते सांगते. काल कॉलिन गल्ल्यावर आला नि बाबांची आठवण काढून म्हणाला, "क्लेम मरेपर्यंत विचारायचा, हे सालं डोंगरात आलं तरी केव्हा?" खरंच विचारायचे. बशीतला चहा थंड व्हायचा, मॉली हातात फिरवायची आणि विचारायचं, "केव्हाची असेल गं ही, नेरी?" मला काय माहीत? मी पोस्टाची तिकिटं विकते. तुला कळणार असेल तर कळू दे.

मोजून झालं की आधी मला कळव. तुझ्या साहेबांना नंतर.

नेरिडा

कॅनबेरा
२२ नोव्हेंबर २००१

नेरी, नेरी, नेरी!

साडेसदतीस कोटी वर्षं! भुगा दोनदा मोजला, दोन्ही वेळा तेच वय आलं. तुमच्या भागात इतकं जुनं असं काही कुणाला ठाऊकच नव्हतं. सगळे धरून चालले होते की आसपासच्या कथिलासारखीच ही पण एकतीस-बत्तीस कोटींची असणार. माझे साहेब डॉ. व्हर्गा कुणाला कधी बरं म्हणत नाहीत. ते यंत्रापाशी आले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "पास्को, हे खरं असेल तर नकाशा बदलावा लागेल."

इथल्या वर्तमानपत्रानं फोटोसकट छापलं. कात्रण पाठवते आहे. केस विस्कटलेत, त्याकडे बघू नकोस.

तुला आधी कळवायचं राहिलं. सगळं इतकं भराभर झालं. रागावू नकोस.

लिनेट

केटल पॉकेट
१० डिसेंबर २००१

लिनेट,

कात्रण मिळालं. मी वाचायच्या आधी कॉलिनने वाचलं आणि दुकानात सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. "गरीब कथिल-खाणकाम्याच्या मुलीनं वडिलांच्या स्फटिकातून उलगडलं डोंगराचं रहस्य." मुलीनं. एकच मुलगी होती वाटतं बाबांना? कॉलिनची नात मला विचारते, "मग तू क्लेमआजोबांची कोण?" काय सांगू तिला? कंदील?

केस छान दिसतायत. तुझे केस नेहमीच छान दिसतात.

खोटं कशाला बोलू, माझ्या पोटात दुखलं. इतकं दुखलं की मी पोस्ट तासभर बंद ठेवलं आणि मागच्या पायरीवर जाऊन बसले. तुझं चांगलं झालं की मला आनंद व्हायला हवा, हे मला कळतं. होत नाही. आधी होतो, आणि मग लगेच कुणीतरी आत चिमटा काढतं.

तुला एक गोष्ट सांगायची होती. पण तो फोटो बघितला आणि म्हटलं, राहू दे. इतकी मोठी झालीस, तुला कशाला माझ्या फुटकळ गोष्टी!

ओढ्याला पाणी चढायला लागलंय. रस्ता बंद झाला की टपाल मार्चपर्यंत कसंबसंच निघेल. नाताळच्या शुभेच्छा. दर नाताळला बाबा मॉलीला पोस्टाच्या काट्यावर ठेवायचे, आठवतं? चित्रं काढायला आपण पापुद्रे सोलले की काय ते बघायला. यंदा काट्यावर ठेवायला काही नाही.

नेरिडा

कॅनबेरा
२६ मार्च २००२

नेरी,

रस्ता उघडला असेल या आशेनं लिहितेय.

मी संकटात आहे. डॉ. व्हर्गांनी तुमच्या डोंगराच्या ग्रॅनाइटचं वय काढलं, त्यातल्या झिर्कॉन नावाच्या बारीक खड्यांवरून. एकतीस कोटी वीस लाख. मॉली त्या ग्रॅनाइटच्या पोटात वाढलेली आहे. आईच्या आधी पोर जन्मली, असं मी सगळ्या देशाला फोटोसकट सांगून बसले आहे.

काल बैठक झाली. आठ माणसं होती. व्हर्गांनी विचारलं, "स्फटिक अख्खा होता?" मी म्हणाले, "माझ्या बहिणीनं पाठवला, अख्खा म्हणून लिहून दिलं आहे." त्यांनी तुझं पत्र मागितलं. मी दाखवलं. ते म्हणाले, "पोस्टात काम करणाऱ्या बाईच्या शब्दावर तुम्ही नकाशा बदलायला निघालात?" आणि सगळे हसले.

कराराचा निर्णय जूनमध्ये आहे. ॲडलेडचं भाषण अजून रद्द केलेलं नाही.

नेरी, एकच विचारते. अख्खी होती का?

लिनेट

केटल पॉकेट
७ एप्रिल २००२

लिनेट,

नव्हती.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर, बाबांच्या मासे सोलायच्या सुरीनं कापली. मॉली मऊच. सुरी लोण्यात जावी तशी गेली, तेव्हाच मला धडकी भरली. पण तोवर दोन तुकडे झाले होते. एक तुला पाठवला. दुसरा बिस्किटांच्या डब्यात आहे. मोठा माझ्याकडे ठेवला, हेही सांगून टाकते.

तुझी अट मी वाचली नव्हती असं नाही. दोनदा वाचली होती. पण मनात म्हटलं, हिला सगळं कसं अख्खंच मिळतं? एकदा तरी हिला अर्धं मिळू दे. बाकी काही नाही, जळत होते मी. वय चुकेल हे तू लिहिलं होतंस, मला वाटलं चुकून चुकून किती चुकणार, थोडं इकडेतिकडे. सहा कोटी वर्षं चुकतील असं वाटलं नव्हतं. आणि डिसेंबरात कात्रण आलं तेव्हा वाटलं, चुकू दे. हे सगळ्यात वाईट. ते मी चर्चमधल्या पाद्रीबाबांनाही सांगितलेलं नाही, तुला सांगते आहे.

सोबत व्हर्गांना वेगळं पत्र आहे. त्यात लिहिलंय की खोटं मी बोलले, लिनेट नाही. त्या आठही माणसांना वाचून दाखवायला सांग. खाली लिहिलंय की पोस्टात काम करणाऱ्या बाईनं एकोणीस वर्षांत एकही पार्सल हरवलेलं नाही.

उरलेला अर्धा पाठवावा म्हणून तीनदा डब्यातून काढला. तीनदा परत ठेवला. हात धजत नाही गं. आपल्या घरातलं माझं असं तेवढंच आहे.

नेरिडा

कॅनबेरा
२० एप्रिल २००२

नेरी,

तुझं व्हर्गांना लिहिलेलं पत्र मी दिलेलं नाही. देणारही नाही. त्याचं कारण वाचलंस की तू मला शिव्या देशील.

मला माहीत होतं.

पार्सल उघडलं त्या दिवशीच. मॉलीची एक कड सरळ होती आणि पापुद्रे तिथे दुमडलेले, चकचकीत, ताजे. निसर्ग अशी कड कापत नाही. शिवाय मी तराजूवर ठेवली. अडुसष्ट ग्रॅम. आणि बाबा दर नाताळला काय ओरडायचे? "एकशे बेचाळीस! पोरी शहाण्या झाल्या!" ते विसरेन का मी?

मी विचारलं नाही. कारण विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, मग परत पाठव. आणि मी म्हटलं, अर्धी तरी हाताला लागली. नेरी, तू एकटीच जळतेस असं तुला वाटतं. बाबांनी शेवटी मॉली तुझ्या हातात दिली तेव्हा मी दाराशी उभी होते, बॅग अजून खांद्यावर होती. माझ्याकडे त्यांनी बघितलं, आणि दिली तुला. त्यांचा खोकला, त्यांचा चहा, त्यांचे सगळे प्रश्न तुझे. मला त्यांनी एकदाही विचारलं नाही, केव्हाची असेल गं ही म्हणून. मी तेच शिकले तरी नाही विचारलं. म्हणून मला त्याचं उत्तर द्यायचं होतं, तुझ्याआधी, जगाआधी.

मग साडेसदतीस कोटी आले, आणि इतकं सुंदर उत्तर मला सोडवेना. भुगा दोनदा मोजला म्हणून सगळ्यांना सांगत फिरले. एकाच भुग्याच्या दोन चिमटी सारख्या येणारच, हे माझ्या पहिल्या वर्षाच्या पोरांनाही कळतं.

आणि बैठकीत मी ते तुझ्यावर ढकललं. ठाऊक असताना. ते हसले तेव्हा मी गप्प बसले. हे मला रोज आठवतं.

काल व्हर्गांना सगळं सांगितलं. तुझं नाव मध्ये आणलं नाही, कापलेली कड मला दिसली होती आणि मी लपवलं, एवढंच. ॲडलेडचं भाषण मागे घेतेय. तुझा अर्धा तुझ्याकडेच राहू दे.

लिनेट

केटल पॉकेट
५ मे २००२

लिनेट,

निर्लज्ज! सात महिने मी इथे तोंडात घास जाईना म्हणून सुकतेय, आणि बाईसाहेबांना पहिल्या दिवसापासून ठाऊक! चर्चमध्ये जाऊन गुडघे झिजवले मी! आता तुला शिव्या देऊ की स्वतःला, हेच कळेना, म्हणून कॉलिनला दिल्या. तो म्हणाला, "तुम्ही दोघी क्लेमच्याच, हट्टी खेचरं."

भाषण मागे घ्यायचं नाही. तू मागे घेतलंस तर बाबांच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून साडेसदतीस कोटी हे खोटं तसंच वर्तमानपत्रात पडून राहील. ते मला चालणार नाही.

तुझ्याकडचा भुगा आहे ना? दोन चिमटी सोडल्या तर सगळा? मग माझा अर्धा त्यात घाल नि पुन्हा मोज.

पण टपालानं नाही पाठवत. माझा माझ्यावर विश्वास नाही, वाटेत कापून परत अर्धा ठेवेन. मी स्वतः घेऊन येतेय. एकवीस तारखेला केर्न्सहून विमान. आयुष्यात पहिल्यांदा बसतेय, खिडकीची जागा मागितलीय. गल्ला कॉलिनकडे दिलाय, देव टपालाचं रक्षण करो.

एक अट माझीही. भुगा करायला मी बसणार. तू फक्त कंदील धरायचा.

नेरिडा

कॅनबेरा
२० जून २००२

नेरी,

एकतीस कोटी. दहा-वीस लाख इकडे किंवा तिकडे. आईच्या नंतर पोर.

यावेळी तुला आधी सांगतेय, बघ. व्हर्गा दुपारी येतील. ते अजून तुझ्याबद्दल विचारतात. तू त्यांच्या हातातून कानस काढून घेतलीस आणि "सरका, तुमच्या हातात जोर नाही" म्हणालीस, हे त्यांनी चार जणांना सांगितलंय.

आपण दोघी बाकावर बसलो होतो, तू घासत होतीस, मी दिवा धरला होता, आणि तू बाहीनं डोळे पुसलेस. मी तेव्हा बघितलं नाही असं दाखवलं. बघितलं होतं.

माझा करार एकच वर्ष वाढला. चालेल. ॲडलेडला बोलणार आहे, आधी चूक, मग उत्तर. पहिल्या तुकड्याचं वय का चुकलं, हेच आता सगळ्यांना ऐकायचं आहे. कागदावर आपली दोन नावं आहेत, पास्को आणि पास्को. तुझं आधी. नेरिडा वयानं मोठी म्हणून असं मी त्यांना सांगितलं.

उरलेला भुगा बाटलीत भरून पाठवलाय. अर्धा तुझा, अर्धा माझ्याकडे.

लिनेट

केटल पॉकेट
१ जुलै २००२

लिनेट,

बाटली मिळाली. बिस्किटांच्या डब्यात ठेवली. त्याआधी बाबांच्या कबरीवर जाऊन सांगून आले, एकतीस कोटी म्हणून. कॉलिन सोबत आला होता. तो म्हणाला, "क्लेम म्हणाला असता, चल, मग फार काही जुनी नाही."

कागदावर माझं नाव आधी आहे हे वाचून मी दुकानात सगळ्यांना चहा पाजला. कॉलिनच्या नातीला सांगितलं, मी क्लेमआजोबांची मोठी मुलगी.

पण एक गोष्ट मला खटकली. बाटली मी पोस्टाच्या काट्यावर ठेवली. सवयच आहे, काय करू? रिकामी बाटली वेगळी तोलून वजा केली. ऐंशी ग्रॅम. दोघींचं मिळून तिथे एकशे चाळीस भरलं होतं, मी स्वतः बघितलंय. म्हणजे तुझ्याकडे साठ. ह्याला अर्धा म्हणतेस तू? शिकलीस कुठे मोजायला?

मला कळलं तू हे का केलंस. मी तेव्हा मोठा तुकडा ठेवला होता म्हणून आता तू मला मोठा देऊन मोकळी झालीस. शिष्यवृत्ती तुझी, केस तुझे, आणि आता मनाचा मोठेपणाही तुझाच? तो मी तुला मिळू देणार नाही.

सोबतच्या पुडीत दहा ग्रॅम आहेत. आता सत्तर-सत्तर. आली की वजन करून बघ.

तुझी मोठी बहीण,
नेरिडा